नवीन सॅटेलाइट सिग्नल खरंच चांगला आहे का, हे आपल्या वावरात स्वतः कसं तपासायचं

मागच्या उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, आमच्याच गावात एका धुऱ्यावर (दोन वावरांच्या हद्दीवर) मी चार खुट्या मारून दिल्या होत्या. सरकारी मोजणी नव्हती ती, दोन चुलतभावांना आपसात अंदाज घ्यायचा होता आणि माझ्याकडे फवारणीच्या ड्रोनसाठी घेतलेला नवाकोरा रिसिव्हर होता, एल१ आणि एल५ दोन्ही बँडचा (म्हणजे दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींचा), डब्यावर नाविक, म्हणजे जीपीएससारखी आपल्या इस्रोची उपग्रह यंत्रणा, लिहिलेला, स्क्रीनवर अचूकता एक मीटरच्या आत दाखवत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच खुट्यांवर परत उभा राहिलो तर रस्त्याकडच्या तीन जागेवर आणि टिनाच्या कोठ्याजवळची चौथी जवळपास पाच फूट बाजूला. त्यांच्यातले म्हातारे काका शांतपणे म्हणाले, "काल खुटी अठी होती, आज तठी हाय, मंग खरी कोन्ती राजा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुट्या मी स्वतः उपटल्या, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून सिग्नल तपासायचा कसा हे शिकतोय. त्यातलं जे पक्कं कळलं ते इथं सविस्तर लिहितो. विदर्भात दारव्हा, दिग्रस, वणी, वरूड, कुठंही असाल तरी हेच लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सिग्नल दिसणं वेगळं, रिसिव्हरने तो वापरणं वेगळं, आणि तो चांगला असणं अजून वेगळं. मोबाईलच्या ॲपमध्ये तिरंगा दिसला की लोक स्क्रीनशॉट टाकतात, नाविक सुरू झालं म्हणून, पण ते फक्त दिसणं झालं. आणि स्क्रीनवर जी अचूकता येते, ३ मीटर, १ मीटर, ती रिसिव्हरने स्वतःबद्दल बांधलेला अंदाज असतो, त्याला कोणी बाहेरून तपासलेलं नसतं. माझी चूक नेमकी तिथंच झाली होती.

तपासायचं काय, ते आधी ठरवा

नवीन सिग्नल म्हणजे कोणते? जुना एल१ सिव्हिल सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, तो सगळ्यांना माहीत आहे. एल५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ, तिथं जीपीएसचा एल५, युरोपच्या गॅलिलिओचा ई५ए, चीनच्या बायडूचा बी२ए आणि आपल्या नाविकचा एल५, चौघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर बसलेत. नाविकचा दुसरा सिग्नल एस बँडमध्ये, २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर, पण तो साध्या मोबाईलमध्ये येत नाही. आणि सगळ्यात नवा म्हणजे नाविकचा एल१, तो पहिल्यांदा एनव्हीएस-०१ या उपग्रहावर आला, २९ मे २०२३ ला श्रीहरिकोटाहून जीएसएलव्ही-एफ१२ ने सोडलेला, त्यात आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ पण आहे. त्याआधीच्या नाविक उपग्रहांवर एल१ नव्हताच. त्यामुळं तुमचा फोन फक्त एल१ चा असेल तर जुने नाविक उपग्रह त्याला कधीच दिसणार नाहीत, फोन खराब आहे असं समजू नका.

एल५ चांगला का म्हणतात? जुन्या एल१ कोडचा (उपग्रह सतत पाठवतो त्या ठराविक खुणांच्या माळेचा) एकेक तुकडा, त्याला चिप म्हणतात, जमिनीवर मोजला तर २९३ मीटर लांबीचा पडतो आणि एल५ चा २९.३ मीटरचा. तुकडा जितका बारीक तितकी कडा धारदार, आणि दूरवरून आदळून येणारा खोटा सिग्नल ओळखून बाजूला टाकणं सोपं. पण हे "दूरवरून" वालं नीट लक्षात ठेवा. पाण्याच्या टाकीवरून ६०-७० मीटर जास्तीचा फेरा मारून आलेला सिग्नल एल५ ला फारसा त्रास देत नाही, शेजारच्या टिनावरून ४-५ मीटर जास्तीचं फिरून आलेला मात्र त्यालाही फसवतो. एल५ आहे म्हणून कोठ्याच्या बाजूला अँटेना ठेवली तरी चालते, असं ज्याने मला सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवूनच ती चौथी खुटी मी ठोकली होती.

जागा

चाचणी नेहमी एका ठरलेल्या पॉइंटवर करायची, आणि तो पॉइंट हलता कामा नये. आपल्याकडं हा मोठाच प्रश्न आहे. भारी काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यात ठोकलेला लोखंडी खुटा वर्षभरात स्वतःच सरकतो, वरखाली तर हमखास होतो, आणि मग तुम्ही उपग्रहाला दोष देत बसता. म्हणून पॉइंट मुरमाड जागेत किंवा उघड्या पडलेल्या खडकावर घ्या, नाहीतर जुन्या बांधीव विहिरीच्या कठड्यावर. मी विहिरीच्या कठड्याला ड्रिल मारून स्टीलचा बोल्ट एपॉक्सीने बसवला, वरती पंचने बारीक खड्डा पाडला, तोच माझा पॉइंट. मोटरचा स्टार्टर आणि टिनाची पेटी त्याच्यापासून दूर आहेत हे बघून घेतलं होतं.

आता आभाळ बघा. हात सरळ लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजा आणि वहीत गोल काढून कोणत्या दिशेला झाड, घर, टेकडी किती उंच येते ते लिहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे पण बहुतेक जण करत नाहीत, आणि पुढं सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कारण नाविकचे काही उपग्रह भूस्थिर आहेत, ते एकाच जागी उभे असल्यासारखे राहतात. आपल्या भागातून (रेखांश ७८ च्या आसपास) ८३ अंश पूर्वेवरचा दक्षिणेला थोडं पूर्वेकडं, साडेसहा मुठी उंच. ३२.५ अंशावरचा पश्चिमेला, तीन मुठींच्या थोडं वर. आणि १२९.५ अंशावर जिथं एनव्हीएस-०१ आहे तो पूर्वेला जरासा दक्षिणेकडं झुकून, जेमतेम पावणेतीन मुठी. म्हणजे एल१ नाविक तपासायचा असेल आणि तुमच्या पूर्वेच्या धुऱ्यावर कडुनिंब आहे, तर तो उपग्रह दिवसभर त्या झाडामागंच राहणार. जीपीएसचा उपग्रह तासाभरात झाडामागून बाहेर तरी येतो, हा येत नाही.

पॉइंटचा खरा पत्ता, म्हणजे अक्षांश-रेखांश, माहीत असला तर उत्तम. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स नेटवर्क (कायम चालू असलेल्या रिसिव्हर केंद्रांचं जाळं) महाराष्ट्रात आहे, ओळखीच्या सर्व्हेअरकडे आरटीके रोव्हर (सेंटिमीटरपर्यंत पत्ता देणारा फिरता रिसिव्हर) असेल तर त्याला विनंती करून बोल्टवर फिक्स, म्हणजे पक्का आकडा, घेऊन घ्या, दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या वेळेला, आणि दोन्ही जुळले तरच तो आकडा धरा. त्यानं कोणत्या डेटममध्ये (अक्षांश-रेखांश मोजायच्या कोणत्या पायावर) दिला तेही वहीत लिहून ठेवा. रोव्हर नाहीच मिळाला तर सगळ्या दिवसांची सरासरी काढून काम चालवता येतं, पण मग फक्त आकडे किती हलतात ते कळतं, सगळेच मिळून एका बाजूला सरकलेत का ते कळत नाही. हा फरक छोटा नाही, आणि भूस्थिर उपग्रहांच्या बाबतीत तर सगळं त्यावरच अवलंबून आहे, ते पुढं सांगतो.

सामान

सुरुवात मोबाईलने करा, खर्च शून्य. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फोन उपग्रहाची कच्ची मोजमापं ॲपला देऊ शकतो. दोन ॲप टाका: जीपीएसटेस्ट, त्यात कोणता उपग्रह, कोणती फ्रिक्वेन्सी, किती ताकद हे सरळ दिसतं, आणि गूगलचं जीएनएसएस लॉगर, ते सगळं फाइलमध्ये लिहितं. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन "फोर्स फुल जीएनएसएस मेझरमेंट्स" चालू करा. हे केलं नाही तर बॅटरी वाचवायला फोन रिसिव्हर मधून मधून झोपवतो, कॅरिअर फेज (सिग्नलच्या लाटेवरून केलेलं बारीक मोजमाप) तुटत राहतो आणि तुम्हाला वाटतं सिग्नल तुटतोय.

फोनची अँटेना मात्र फार कमजोर, ती कुठूनही आलेलं घेते, तुमच्या हाताचाही तिच्यावर परिणाम होतो. त्यामुळं फोनवरून सिग्नल आहे की नाही, ताकद साधारण किती, संदेश येतोय का, एवढंच ठरवा. खरी गुणवत्ता बघायला एल१-एल५ ची बाहेरची अँटेना आणि कच्चा डेटा देणारं मॉड्यूल लागतं. घेताना डेटाशीटमध्ये नाविक कोणत्या बँडवर आहे ते शब्दशः वाचा, फक्त "नाविक सपोर्ट" लिहिलेलं पुरत नाही, एल५ आहे की एल१ आहे की दोन्ही. अँटेनाखाली धातूची सपाट प्लेट हवीच. मी घरातली जुनी स्टीलची परात उलटी करून वापरतो, चुंबक चिकटत नाही म्हणून खाली लोखंडी चकती आणि दोन बोल्ट. खालून उसळून येणारा सिग्नल प्लेट अडवते, तो फरक पहिल्याच दिवशी आकड्यात दिसला.

लॉग किती वेळ घ्यायचा

कमीत कमी २४ तास, शक्यतो सलग तीन दिवस. दर ३० सेकंदाला एक नोंद घेतली तरी २४ तासांत २८८० नोंदी होतात, फाइल हाताळण्यासारखी राहते. तासभर उभं राहून ३६०० आकडे गोळा केले म्हणून ते ३६०० वेगळे पुरावे होत नाहीत, सगळे एकाच आभाळाखालचे असतात.

तीन दिवस का? कारण जीपीएसचे उपग्रह दर २३ तास ५६ मिनिटांनी आभाळात परत त्याच जागी येतात. म्हणजे काल सकाळी ९ वाजता जी चूक दिसली ती आज ८ वाजून ५६ मिनिटांनी तशीच दिसली, उद्या ८:५२ ला, तर समजायचं की ती जागेची चूक आहे, भिंत, टिन, झाड. तशी नाही दिसली तर कारण दुसरं आहे. याच्यासाठी काही सॉफ्टवेअर लागत नाही, दोन दिवसांचे आलेख एकावर एक ठेवून चार मिनिटं सरकवायचे. गॅलिलिओला हीच परत येण्याची गोष्ट दहा दिवसांची आहे, तिथं हा उपाय लवकर लागू पडत नाही.

ताकद बघणं

जीपीएसटेस्टमध्ये जो आकडा डीबी-हर्ट्झमध्ये येतो तो म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे. मोकळ्या आभाळात चांगल्या अँटेनाला वरचे उपग्रह ४५ ते ५० पर्यंत देतात, ३५ च्या खाली गेलं की कमजोर, ३ ने फरक म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. एवढं पाठ असू द्या.

पण एक आकडा बघून काही कळत नाही. उपग्रह किती उंचीवर असताना किती ताकद, असा आलेख काढा. वर चढताना आकडा हळूहळू वाढला पाहिजे आणि उतरताना तसाच खाली आला पाहिजे, पेरणीच्या तासासारखी एक गुळगुळीत ओळ. तिच्यात लाटा दिसल्या, वरखाली वरखाली, तर कुठून तरी परावर्तन आहे. दुसरं, एकाच उपग्रहाचा एल१ आणि एल५ शेजारी शेजारी ठेवून बघा. फोनमध्ये एल५ काही डीबीने कमी येणं नेहमीचं आहे, पण तो फरक वेळेनुसार भरकटत असला तर काहीतरी गडबड.

आणि पडझड झाली तर ती कशी झाली ते बघा, त्यात निम्मं निदान होतं:

एकच उपग्रह पडला, बाकी ठीक, तर अडथळा. एका बँडचे सगळेच एकदम पडले तर जवळपास कुठला तरी विद्युत गोंगाट, नाहीतर केबलचा कनेक्टर ढिला. संध्याकाळी आणि मुख्यतः दक्षिणेकडचे थरथरायला लागले तर आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा परिणाम.

गोंगाटाचं आपल्याकडचं खास कारण म्हणजे झटका मशीन. रानडुक्कर आणि रोहींमुळं आता जवळपास प्रत्येक वावराला तार आहे, आणि ओल्या गवताला तार टेकली की ठिणग्या पडत राहतात. तिचा परिणाम होतो का हे अंदाजाने सांगू नका, दहा मिनिटं मशीन चालू, दहा मिनिटं बंद, असं तीनदा करा आणि वेळ लिहून ठेवा. मोबाईलचा स्वस्त चार्जर, सोलर पंपाचा कंट्रोलर, एलईडी फोकस यांचंही असंच करून बघा. अँड्रॉइडच्या कच्च्या लॉगमध्ये एजीसी (रिसिव्हर सिग्नल आपोआप किती वाढवतोय तो आकडा) म्हणून एक रकाना असतो, गोंगाट वाढला की तो आकडा खाली येतो, ताकद आणि एजीसी दोन्ही एकत्र पडले तर गोंगाटच समजा.

परावर्तनाचा हिशोब, आणि त्यातली एक फसवणूक

फाइल राइनेक्समध्ये (कच्च्या मोजमापांच्या सगळीकडं चालणाऱ्या फाइल प्रकारात) बदलून घ्या, आरटीकेलिब हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या आरटीकेकॉन्वने होतं. राइनेक्समध्ये नाविकचं अक्षर आय आहे, जीपीएसचं जी, गॅलिलिओचं ई. मग आरटीकेप्लॉटमध्ये उघडलं की ताकद, मल्टिपाथ (म्हणजे परावर्तन) आणि उंची असे तिन्ही आलेख एकाखाली एक येतात.

मल्टिपाथचा आकडा येतो कुठून ते समजून घ्या, नुसतं सॉफ्टवेअरवर सोडू नका. रिसिव्हर अंतर दोन प्रकारे मोजतो, कोडने आणि कॅरिअर फेजने. कोड जाडाभरडा पण पूर्ण अंतर देतो, फेज फार बारीक पण सुरुवात कुठून मोजली ते त्याला माहीत नसतं. कोडमधून दोन फ्रिक्वेन्सींचे फेज ठराविक प्रमाणात वजा केले की उपग्रहाचं अंतर, घड्याळ, आयनोस्फिअर सगळं निघून जातं आणि मागं उरतो कोडचा गोंगाट आणि परावर्तन. एल१-एल५ जोडीसाठी: एल१ चा कोड, वजा ३.५२१ गुणिले एल१ चा फेज, अधिक २.५२१ गुणिले एल५ चा फेज. एल५ साठी: एल५ चा कोड, वजा ४.५२१ गुणिले एल१ चा फेज, अधिक ३.५२१ गुणिले एल५ चा फेज. सगळं मीटरमध्ये. एक्सेलमध्ये पण होतं. फेज जिथं तुटला तिथून नवीन तुकडा धरायचा, आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी वजा करायची, कारण फेजची सुरुवात माहीत नसते.

आता फसवणूक इथं आहे. ही "सरासरी वजा करायची" पायरी जीपीएसला चालते कारण तो उपग्रह फिरतो, परावर्तन सतत बदलतं, कधी अधिक कधी उणे, सरासरी शून्याच्या जवळ जाते. भूस्थिर उपग्रह हलतच नाही. टिनावरून येणारं त्याचं परावर्तन तासन् तास तेवढंच राहतं, म्हणजे समजा दीड मीटरची चूक असली तर ती दिवसभर दीड मीटरच्या आसपासच राहते, आणि तुम्ही सरासरी वजा केली की ती चूक पण वजा होऊन जाते, आलेख सुंदर सपाट दिसतो. सगळ्यात वाईट उपग्रह सगळ्यात चांगला दिसतो! मला हे कळायला दोन महिने लागले. नाविकचा आलेख बघून मी खुश होतो आणि पोझिशन मात्र एका बाजूला झुकलेली.

यावर दोन उपाय. पहिला, अँटेना हलवून बघा. त्याच पॉइंटवर अँटेनाची उंची अर्ध्या अर्ध्या फुटाने बदलत चार-पाच लॉग घ्या, प्रत्येकी दोन तास. परावर्तन असेल तर ताकदीचा आकडा उंचीप्रमाणे बदलेल, नसेल तर जवळपास सारखा राहील. दुसरा उपाय म्हणजे खरा पत्ता माहीत असलेला पॉइंट, ज्याच्यासाठी वर मी एवढं सांगितलं. बोल्टचा पत्ता पक्का धरून प्रत्येक उपग्रहाच्या अंतरात किती उरतं ते बघा, आरटीकेलिबमध्ये त्याला रेसिड्युअल म्हणतात. एखादा उपग्रह रोज, दिवसभर, एकाच बाजूला दीड-दोन मीटर उरवत असेल आणि अँटेना दहा पावलं मोकळ्यात नेली की तो फरक जात असेल, तर दोष तुमच्या जागेचा. जागा बदलूनही राहत असेल तर मग तो उपग्रहाकडून किंवा रिसिव्हरच्या हिशोबातून येतोय.

उपग्रहाचाच दोष असू शकतो का?

होय, आणि हे घडलेलं आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकेने एसव्हीएन-४९ नावाचा जीपीएस उपग्रह सोडला, त्याच्यावर एल५ चं पहिलं प्रात्यक्षिक होतं. एल५ साठी जी जोडणी केली तिच्यामुळं उपग्रहाच्या आतच एल१ सिग्नल परावर्तित होऊन त्याची दुसरी प्रत बाहेर पडू लागली, आणि अंतरात काही मीटरची चूक यायची जी उपग्रह किती उंचीवर दिसतो त्याप्रमाणे बदलायची. म्हणजे नवीन सिग्नलने जुन्याला बिघडवलं. म्हणून माझा आग्रह आहे की नवीन सिग्नल तपासताना त्याच उपग्रहाचा जुना सिग्नलही तपासा, आणि रेसिड्युअलचा आलेख वेळेसोबत तर काढाच पण उंचीसोबतही काढा. वेगवेगळ्या गावातल्या दोन जणांना एकाच उपग्रहाचा सारखाच तिरपा आलेख मिळाला तर ते टिन नाही, झाड नाही.

घड्याळाचंही तसंच. जुलै २०१३ मध्ये गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या नाविकच्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं पुढं बंद पडली, सिग्नल असला तरी घड्याळाशिवाय त्याचा पोझिशनला उपयोग नाही. त्यामुळं जुन्या यादीवरून सात उपग्रह आहेत म्हणून मोजू नका, आज किती उपयोगाचे आहेत ते तुमच्या लॉगमध्येच दिसेल.

संदेश वाचा

हे थोडक्यात. प्रत्येक उपग्रह सिग्नलसोबत स्वतःची तब्येत पण कळवतो, हेल्दी की अनहेल्दी. नवीन सिग्नल चाचणीत असताना तो मुद्दाम अनहेल्दी म्हणून पाठवतात, जीपीएसचा एल५ तर वर्षानुवर्षे असाच येतोय. रिसिव्हर त्याला बघतो, ताकद दाखवतो, पण पोझिशनमध्ये घेत नाही. म्हणून "दिसतोय पण वापरत नाही" असं झालं की आधी ही तब्येतीची खूण बघा. आरटीकेलिबमध्ये वगळायच्या उपग्रहांच्या रकान्यात उपग्रहाच्या नावाआधी अधिक चिन्ह टाकलं की तो जबरदस्तीने हिशोबात घेता येतो. चाचणीपुरतं ठीक आहे, खुटी मारताना कधीच नाही. इफेमेरिस, म्हणजे उपग्रहाच्या कक्षेची माहिती, किती जुनी आहे तेही बघा.

आता पोझिशन

त्याच एका लॉगमधून तीन वेळा पोझिशन काढा: फक्त जुना एल१, फक्त नवीन सिग्नल, आणि दोन्ही मिळून. लॉग तोच, आभाळ तेच, म्हणजे तुलना खरी होते. दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या सेटिंग लावून केलेली तुलना मी मानत नाही.

एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीतून बोल्टचा पत्ता वजा करा. आपल्या भागात ०.००००१ अंश अक्षांश म्हणजे १.११ मीटर आणि तेवढाच रेखांश म्हणजे १.०४ मीटर. दोन्हींचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ, झाली चूक मीटरमध्ये. सगळ्या चुका लहान ते मोठ्या लावा, २८८० नोंदी असतील तर २७३६ वी जी येते ती तुमची ९५ टक्क्यांची चूक. सरासरी सांगू नका कोणाला, सरासरीत वाईट वेळ लपते आणि ड्रोन नेमका वाईट वेळेलाच शेजारच्या संत्र्यावर जातो. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वेगळी काढा. फक्त नाविकवर काढाल तर उपग्रह थोडे आणि बरेचसे दक्षिणेच्या अंगाला असल्यामुळं आभाळातली मांडणी वाईट पडते, डीओपी (त्या मांडणीमुळं चूक किती फुगते तो आकडा) वाढतो, तो दोष सिग्नलचा नाही, मांडणीचा आहे. इस्रोने नाविकसाठी सांगितलेली अचूकता २० मीटरपेक्षा चांगली अशी आहे, त्याच्याशी तुलना करा, आरटीकेच्या सेंटिमीटरशी नको.

"दोन्ही मिळून" मध्ये अजून एक खाच आहे. आयनोस्फिअरमुळं होणारा उशीर एल५ वर एल१ च्या १.७९ पट असतो. एल१ वर १० मीटर असेल तर एल५ वर जवळपास १८. त्यामुळं फक्त एल५ वर, कसलीही सुधारणा न लावता काढलेली पोझिशन भर दुपारी जुन्यापेक्षा वाईट येऊ शकते आणि लोक म्हणतात नवीन सिग्नल बेकार. दोन्ही जोडून उशीर काढून टाकता येतो, पण एल१ ला २.२६ आणि एल५ ला उणे १.२६ ने गुणावं लागतं, म्हणजे गोंगाटही अडीच पटीच्या आसपास वाढतो. टिनाजवळ हेच उलटं पडतं, परावर्तनाची दीड मीटरची चूक गुणाकारात फुगते. माझ्या चौथ्या खुटीचं पाच फुटांचं कोडं शेवटी इथं सुटलं. जुना एल१ एकटा ठेवून तोच लॉग परत चालवला तर त्या खुटीवर फरक निम्म्याच्याही खाली आला.

संध्याकाळची वेळ

आयनोस्फिअर सगळीकडं सारखं नसतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि तिथून वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तरेला, साधारण अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता पट्ट्यात येऊन जमा होतात. आपण त्याच्या जरा खाली, म्हणजे दाट थराच्या काठावर. सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्या थरात बुडबुडे होतात आणि सिग्नल लुकलुकायला लागतो. एल५ ची फ्रिक्वेन्सी कमी म्हणून त्याला हा त्रास एल१ पेक्षा जास्त होतो. ही गोष्ट एल५ ची तारीफ करणारे सांगत नाहीत.

म्हणून फक्त सकाळी चाचणी करून निकाल देऊ नका. संध्याकाळी ७ ते रात्री १२ चा भाग वेगळा कापा, फेज किती वेळा तुटला ते मोजा, आणि सकाळच्या तेवढ्याच तासांशी ताडून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आपली सोयाबीन काढायची वेळ, हातात वेळ नसतो हे मान्य आहे, पण लॉग स्वतःच चालतो, पॉवरबँक लावून परात झाकून सोडलं तरी होतं. झाकायला प्लास्टिकचं घमेलं वापरा, लोखंडी नको.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, पॉइंट, अँटेनाची उंची, फर्मवेअरची (रिसिव्हरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, झटका मशीन चालू की बंद, पूर्वेच्या झाडाला पानं आहेत की नाहीत, आदल्या रात्री पाऊस झाला का. ओलं पान सिग्नल जास्त खातं आणि ओली जमीन जास्त परावर्तित करते, त्यामुळं जूनमधला आकडा एप्रिलशी ताडताना हे लागतं. फर्मवेअर बदललं की जुने सगळे आकडे मागं पडले असं धरून परत २४ तासांचा लॉग घ्या, एका अपडेटनंतर माझ्या रिसिव्हरने तोच नाविक उपग्रह पोझिशनमध्ये घेणंच बंद केलं होतं आणि मला ते फक्त वहीमुळं कळलं.

त्या धुऱ्याची सरकारी मोजणी दिवाळीनंतर झाली, हद्दीचे दगड बसले. मी काकांची परवानगी घेऊन कोठ्याजवळच्या दगडावर अँटेना लावून २४ तासांचा लॉग घेतला आणि तोच दगड आता माझा दुसरा पॉइंट आहे, वाईट जागेचा. दर नवीन रिसिव्हर आधी विहिरीच्या बोल्टवर एक दिवस आणि मग त्या दगडावर एक दिवस ठेवतो, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहितो.